सुईणबाईचं इंग्रजी

धुळे
रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप जीवरामभाऊस,

शेवंताचा नमस्कार. माय आणि बेबावहिनी बऱ्या असतील असं धरून चालते.

एदलाबाद सोडल्यापासून हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही, त्याची तक्रार नाही. त्यांत मी काही मागितलं नव्हतं, तेव्हा उत्तर द्यायची गरजही नव्हती. या पत्रात मागते आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच. मागणं माझ्यासाठी नाही. माझं छान चाललं आहे. मुलींच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत सुगनचंद शेठच्या चाळीत खोली आहे, खिडकी पूर्वेला आहे.

माझ्या खोलीखाली एका चिनी दातवाल्याचं दुकान आहे. दारावर मोठे पांढरे दात रंगवलेली पाटी आहे. गावातली लहान मुलं तिला घाबरतात. दातवाल्याचं नाव ल्यू. लढाई सुरू झाल्यावर चीनमधून कलकत्त्याला आले, तिथून इकडे. सोनगीर, शिरपूर, धरणगाव, सगळ्या बाजारांना पेटी घेऊन जायचे. बायकोचं नाव श्यू-यिंग. गल्लीतल्या बायकांना ते काही बोलता येईना, म्हणून त्यांनी तिचं सुईणबाई करून टाकलं. पहिल्या वर्षी खरंच कोणी तरी तिला बाळंतपणाला बोलवायला आलं होतं. ती गेलीही. काय म्हणतात ते तिला कळलं नव्हतं, पण बोलावलं म्हणून गेली, आणि पाणी तापवून देत बसली. बाई मोकळी झाली, मुलगा झाला, तेव्हापासून नाव पक्कं झालं.

ती अहिराणी आपल्यापेक्षा चांगली बोलते. तुला हसू येईल, पण ऐकशील तेव्हा कळेल.

मागच्या श्रावणात ल्यू कवळ्यांसाठी तयार दात आणायला कलकत्त्याला गेले आणि तिथेच तापानं वारले. त्यांच्या गाववाल्यांनी तिकडेच माती दिली. इथे फक्त तार आली. सुईणबाईनं आठ दिवस दुकान बंद ठेवलं आणि नवव्या दिवशी उघडलं. कवळी करायचं काम निम्मं तीच करायची, मेणाचं माप घेण्यापासून घासण्यापर्यंत. आता सगळं तीच करते. लोक आधी बिचकले. मग लोटन पैलवानाची दाढ तिनं एका झटक्यात काढली, आणि लोक यायला लागले.

अडचण आता सांगते. परदेशी माणसांची नोंद ठेवतात त्या कचेरीत तिला दर वर्षी जावं लागतं. जुने साहेब मराठी होते. या वर्षी नवे आले, परप्रांतातले. त्यांना मराठी येत नाही, अहिराणी तर नाहीच. ते इंग्रजीत बोलतात. गेल्या महिन्यात त्यांनी तिला विचारलं, तुझ्या नवऱ्यानं मागे काय ठेवलं? म्हणजे घर, दुकान, पैसा. इंग्रजीत ‘मागे ठेवणं’ याला ‘लीव्ह’ म्हणतात. ‘निघून जाणं’ यालाही ‘लीव्ह’च म्हणतात. सुईणबाईला फक्त दुसरा अर्थ ठाऊक. तिला वाटलं, साहेब विचारतात, तुझा नवरा पळून गेला का? ल्यूंच्या इमानावर कोणी बोट ठेवलेलं तिला खपत नाही. तिनं ताठ मानेनं, मोडक्या इंग्रजीत सांगितलं, नाही, माझा नवरा गेला नाही, तो कधी जाणार नाही.

साहेबांनी लिहून घेतलं की नवरा जिवंत आहे आणि बाई त्याला लपवते आहे. हुकूम झाला, फेब्रुवारीच्या अखेरीस नवऱ्याला हजर कर, नाही तर देश सोड.

ती संध्याकाळी माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, मन्हं काय चुकनं?”

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून कचेरीत गेले. साहेब वाईट माणूस नाही, पण लिहिलेलं पुसायला तयार नाही. दोन गोष्टी मागतात. एक, कलकत्त्याहून मृत्यूचा दाखला. तो मी मागवला आहे. दोन, जामीन. जामीन अशा माणसाचा पाहिजे, ज्याची स्वतःची शेतजमीन आहे. मी पगारदार बाई, मी चालत नाही. सुगनचंद शेठ तयार आहेत, पण ते तिचे घरमालक, म्हणून तेही चालत नाहीत. बाकी लोक चिनी म्हटलं की मागे सरतात.

तुझी जमीन आहे. सात-बाराचा उतारा घेऊन २८ तारखेला, गुरुवारी, धुळ्याला ये.

विचार करून कळव असं लिहीत नाही. ये.

तुझी
शेवंता


धुळे
रविवार, १७ फेब्रुवारी १९५७

ती. स्व. भाऊस,

नमस्कार. उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला माहीत आहे. जळगावच्या बाजारात आपल्याकडचा छगन भेटला, तो म्हणाला, भाऊनं पत्र दोनदा वाचलं आणि टोपीत ठेवलं. छगननं आणखीही एक सांगितलं, की माझ्या सासरचे लोक तुझ्याकडे येऊन गेले. ते का आले होते ते मी विचारत नाही. तू आलास की सांगशील.

कलकत्त्याचा दाखला आला. त्यामुळे आता अडलं आहे ते जामिनावर आणि इंग्रजीवर. साहेब म्हणतात, बाईनं स्वतःच्या तोंडानं जबानी द्यायची. मागच्या वेळी दुसऱ्यानं बोललेलं चाललं असतं तर घोटाळा झालाच नसता, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. म्हणून रोज शाळा सुटली की मी खाली जाते, ती हात धुते, आणि आम्ही दाढ काढायच्या खुर्चीशेजारी बसतो.

पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, ‘लीव्ह’चा एकच अर्थ तुझ्या डोक्यात पक्का कसा बसला? तिनं सांगितलं. त्यांच्या भाषेत दूर जाण्याला ‘ली’ म्हणतात. इंग्रजी शब्द कानावर पडला, तो तसाच वाटला, आणि अर्थही जुळला. मग पुढे विचारायचं कारणच उरलं नाही. भाऊ, माझ्या वर्गातल्या मुलीही अशाच चुकतात. जो शब्द ओळखीचा वाटतो तोच दगा देतो.

मी म्हटलं, आता ऐक. मी घर ‘लीव्ह’ केलं, म्हणजे घरातून निघाले. मी किल्ली तुझ्याकडे ‘लीव्ह’ केली, म्हणजे किल्ली तुझ्यापाशी राहिली. आणि मी शाळेतून ‘लीव्ह’ घेतली, म्हणजे रजा. ती चिडली. म्हणाली, जाणारा आणि राहणारा, दोघांना एकच शब्द, ही कसली भाषा? आमच्यात दोन आहेत. दूर गेला तो ‘ली’. राहिला किंवा मागे ठेवला तो ‘ल्यू’.

नवऱ्याचं आडनाव तेच ना, मी विचारलं. म्हणाली, लिहायचं वेगळं आहे, पण बोलताना तेच. नंतर ती चिमटा पुसत बसली. त्या दिवशी पुढे शिकवलं नाही.

तिच्या प्रश्नानं मलाही स्वस्थ बसू दिलं नाही. आमच्या शाळेत एक जाडजूड कोश आहे, शब्द कुठून आले ते सांगणारा. तो कोणी उघडत नाही. मी दोन मधल्या सुट्ट्या त्यात घातल्या. सांगते, कारण तुलाही गंमत वाटेल. ‘लीव्ह’ हा एक शब्द नाहीच. ते दोन वेगळे शब्द आहेत, वापरून वापरून सारखे झालेले. पहिल्याचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ जाणं नव्हताच. मागे राहू देणं हा होता. त्याचं मूळ चिकटण्याचं आहे, आणि त्याच मुळातून संस्कृतातला लेप आला, आपलं लिंपणं आलं. वहिनी भिंत लिंपते ना, ते. माणूस जातो तेव्हा त्याचं काही तरी मागे चिकटून राहतं. त्या राहण्याला आधी हा शब्द होता. नंतर लोकांनी तोच जाणाऱ्याला लावला. दुसरा ‘लीव्ह’, म्हणजे रजा, परवानगी, त्याचं मूळ माया करण्याचं आहे. आपला लोभ त्याचाच भाऊबंद. पत्राच्या शेवटी आपण लोभ असावा लिहितो, तो. माया असली तरच माणूस परवानगी देतो, असा काही तरी विचार असेल.

हे सगळं मी सुईणबाईला सांगितलं. तिला लिंपण्याचं फार आवडलं. आता ती चूक करत नाही. कवळीचं प्लास्टर कालवताना वाक्यं म्हणत असते. काल एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं, तोंडात माप असताना, तिच्या मागोमाग इंग्रजी म्हणायचा प्रयत्न केला.

तू म्हणशील, ही मास्तरीण शब्दांतच रमली. तसं नाही. तिला जावं लागलं तर ती कुठे जाईल? तिकडे तिचं कोणी उरलेलं नाही. चीनमधलं गाव तिनं वीस वर्षांची असताना पाहिलं ते शेवटचं. दुकान जाईल, गल्ली जाईल.

केळीचे रेल्वेचे डबे भरायचे दिवस आहेत हे मला माहीत आहे. डबे छगन भरून देईल, त्याच्याशी मी बोलले आहे.

शेवंता


धुळे
रविवार, ३ मार्च १९५७

ती. स्व. भाऊस,

नमस्कार. तू सुखरूप पोचलास असं समजते.

बुधवारी तू मोटारीतून उतरलास तेव्हा मी तुला लगेच ओळखलं नाही. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. तू म्हणालास, “कचेरी कुठी आहे?” आठ वर्षांनी पहिलं वाक्य. मला बरं वाटलं. माझ्या खोलीत आलास, खिडकी पाहिलीस, पुस्तकं पाहिलीस, भाकरी खाल्लीस आणि मीठ कमी आहे म्हणालास. सुगनचंद शेठच्या ओसरीवर झोपायला गेलास.

गुरुवारी साहेबांपुढे काय बोलणं झालं ते इंग्रजीत होतं, तुला कळलं नाही. परत येताना तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आज सांगते. तू ज्याच्यावर सही केलीस, ते काय होतं ते तुला ठाऊक असायला हवं.

साहेबांनी दाखला पाहिला आणि तिला विचारलं, तुझा नवरा कुठे आहे? ती म्हणाली, माझा नवरा मेला आहे, कलकत्त्यात. मागच्या वेळी मी तुमचा शब्द चुकीचा समजले. साहेबांनी मुद्दाम तोच प्रश्न पुन्हा टाकला. मला वाटतं त्यांना पारखायचं होतं. तुझ्या नवऱ्यानं मागे काय ठेवलं? ती म्हणाली, त्यांनी दोन खुर्च्या ठेवल्या, हत्यारं ठेवली, पाटी ठेवली. मला ठेवलं.

हे शेवटचं आम्ही पाठ केलेलं नव्हतं. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मला टाकून गेले’ असाही होतो. साहेबांनी मान वर केली. त्यांनी कोणता अर्थ घेतला ते मला सांगता येणार नाही. पण पुढे त्यांचा आवाज बदलला.

मग त्यांनी न शिकवलेला प्रश्न विचारला. उद्या तुझ्या देशानं परत बोलावलं तर? तिथे तिचं इंग्रजी संपलं. तू पाहिलंस, ती माझ्याकडे वळली नाही, कारकुनाकडेही नाही. साहेबांकडेच बघत अहिराणीत म्हणाली, “मन्हं बठ्ठं आठेच शे.” कारकून हसला. साहेबांनी त्याला विचारलं, काय म्हणाली? त्यानं सांगितलं, माझं सगळं इथेच आहे. साहेबांनी ते लिहून घेतलं.

नंतर तुझी पाळी आली. कारकुनानं तुला मराठीत विचारलं, “तुम्ही एदलाबादचे, या चिनी बाईला ओळखत नाही. जामीन का राहता?”

तू म्हणालास, “माझी बहीण सांगते म्हणून.”

“आणि बाई पळून गेली तर?”

“पळणारी बाई आठ वर्षं एका गल्लीत राहत नाही.”

कारकुनानं साहेबांना तसंच सांगितलं. साहेब कागद चाळत म्हणाले, पण बाई तर सतरा वर्षं राहते आहे. कारकुनाला वाटलं तुझी चूक झाली, आणि त्यानं सतरा लिहून टाकलं. भाऊ, सुईणबाई धुळ्यात सतरा वर्षं आहे, हे मी तुला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आठ वर्षं माझी आहेत. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

साहेबांनी एक वर्षाची परवानगी दिली. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. त्याची भीती नाही.

आता मोटार-अड्ड्यावरचं. तू खूप वेळ घड्याळाकडे बघत होतास आणि मग एकदम म्हणालास, “पाव्हणे आले होते. सुंदरबाई वारली. दोन लेकरं आहेत. तुला घेऊन ये म्हणाले.”

मी म्हटलं, “मी येणार नाही.”

“लेकरं लहान आहेत.”

“मी त्यांची आई नाही, भाऊ.”

“लोकांचं मला ऐकावं लागतं, शेवंता. तुला नाही लागत.”

तेवढ्यात मोटार लागली आणि तू चढलास. तू रागावून गेलास की नुसताच गेलास, ते मला कळलं नाही. म्हणून माझं म्हणणं कागदावर लिहिते.

मी सासरच्या घरातून रागानं निघाले नव्हते. त्यांनी सुंदरबाईला सवत म्हणून आणलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. स्वयंपाकघर तिचं झालं आणि मला गोठ्याशेजारची खोली दिली. मी सहा महिने तिथे राहिले. सुंदरबाई माझ्याशी वाईट वागली नाही, चोरून गूळ आणून द्यायची. ती गेली याचं मला खरंच वाईट वाटतं, लेकरांचंही वाटतं. पण ज्यांना माझी जागा गोठ्याशेजारी वाटली, त्यांना आता मी आठवले ती चुलीपाशी माणूस नाही म्हणून. हे मला कळतं, आणि तुलाही कळतं. तुझ्याकडे मी आले तेव्हा तू म्हणालास, “एकदा दिली ती दिली, आता वापस यायचं नाही.” मी वापस आले नाही. धुळ्याला गेले, शिकले, उभी राहिले. आता मला वापस ने म्हणणारे तेच लोक आहेत, आणि तू त्यांचा निरोप आणतोस.

माझ्या वर्गात एकेचाळीस मुली आहेत. त्यांतल्या नऊ जणींना पुढच्या वर्षी हायस्कुलात पाठवायचं मी त्यांच्या बापांकडून कबूल करून घेतलं आहे. हे काम मला येतं आणि ते मी सोडणार नाही.

त्यांना ‘शेवंताशी बोलतो’ असं सांगू नकोस. ‘शेवंता नाही म्हणाली’ असंही नको, कारण मग ते मला समजावायला इथे येतील. तू थोरला आहेस. ‘ती येणार नाही’ असं तुझ्या तोंडानं सांग. तू परक्या बाईचा जामीन राहिलास. तेवढंच माझ्यासाठी मागते.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मागणं माझ्यासाठी नाही. ते तेव्हा खरं होतं.

शेवंता


धुळे
रविवार, ३१ मार्च १९५७

ती. स्व. भाऊस,

नमस्कार. तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणून शिपायानं ते भर वर्गात आणून दिलं. मुलींना वाटलं कोणी तरी गेलं, कारण मी वाचून खाली बसले. मग मी त्यांना सांगितलं की कोणी गेलेलं नाही, आणि उरलेला तास त्यांना सुट्टी दिली.

तुझ्या चारच ओळी आहेत, तरी मी त्या सुगनचंद शेठनाही वाचून दाखवल्या. “चि. शेवंतास आशीर्वाद. ती येणार नाही म्हणून सांगितलं. पाव्हणे चहा न घेता उठले. माय विचारते, दात बसवायला किती दिवस लागतात.”

सुईणबाईला मी लगेच खाली जाऊन विचारलं. तिनं आधी मायचं वय विचारलं, मग किती दात उरलेत ते विचारलं. मला सांगता येईना. आठ वर्षांपूर्वी पुढचे होते. ती म्हणाली, हलणारे आधी काढावे लागतील. मग हिरड्या भरून यायला वेळ द्यायचा, त्यात घाई केली तर कवळी बोचते. मग मेणाचं माप, मग घासणं, मग चारदोनदा बसवून बघणं. सगळं मिळून दोन महिने तरी धर. वय झालं असेल तर तीन.

ती विचारत होती, लवकर पाहिजे का, रात्री बसून करीन.

मी म्हटलं, काही घाई नाही.

मायला घेऊन ये.

शेवंता